ओवाळणीत लॅपटॉप, की नुसती एसएसडी?

विचारा तर खरं : दिवाळी विशेष
उत्तरं : विश्रामबाग, सांगली इथल्या संगणक दुकानातले तंत्रज्ञ

दिवाळी तोंडावर आली की "अमुक हजारात काय घेऊ?" अशा पत्रांचा ढीग पडतो. बहुतेक पत्रांत बजेट असतं, पण घरात आधीपासून काय आहे याचा पत्ता नसतो. लॅपटॉपच्या पोटाला, ॲडॉप्टरच्या पाठीला आणि राउटरच्या बुडाला बारीक अक्षरांचं लेबल असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि मग बाजारात जा. रॅम (कामापुरती तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) यांचे भाव सध्या आठवड्याला बदलतात, म्हणून किमती छापलेल्या नाहीत. गाव तेवढं दिलंय, नावं पत्रलेखकांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : बहिणीचा लॅपटॉप २०१९ सालचा आहे. आय३, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. ती घरी शिकवण्या घेते. भाऊबीजेला नवा द्यावा म्हणतो, पण बजेटची ओढाताण आहे. (तासगाव)

नवा घेण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. लॅपटॉप सुरू करून थोडा वेळ तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. काहीही काम चालू नसताना 'डिस्क'खाली ९०-१०० टक्के आणि 'सीपीयू'खाली (म्हणजे प्रोसेसरखाली) २०-३० टक्के दिसत असतील तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तिच्यात तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा पुढे-मागे सरकतो. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती उचलायची तर सेकंदाला शंभराच्या आसपास उड्या, याहून जास्त त्याला जमत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली मागते, आणि सगळ्या त्या काट्यापाशी रांगेत उभ्या राहतात. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे रांग लागत नाही. पाच मिनिटांचं काम वीस-पंचवीस सेकंदांवर येतं.

आता प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. 'धिस पीसी'वर (जुनं नाव 'माय कॉम्प्युटर') उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडली की ते दिसतं. त्या काळात विकल्या गेलेल्या आय३ यंत्रांत ७०२०यू आणि ८१३०यू हे दोन्ही सापडतात. बाहेरून दोन्ही लॅपटॉप सारखेच. पण पहिला सातव्या पिढीचा आणि दुसरा आठव्या, आणि विंडोज ११ची रेघ नेमकी या दोघांच्या मधून गेली आहे : सातव्या पिढीच्या यंत्रावर ते अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतनंही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहेत.

८१३०यू निघाला तर एसएसडी आणि रॅम दोन्ही घाला, विंडोज ११ अधिकृतपणे चढेल. 'टीपीएम (सुरक्षेची चिप) सापडला नाही' असं आलं तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलच्या यंत्रात 'पीटीटी' या नावाखाली सापडतो, तो चालू करा. ७०२०यू निघाला तर आमचं मत स्पष्ट आहे : रॅमवर खर्च करू नका. फक्त एसएसडी घाला आणि शिकवणीचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि साध्या कागदपत्रांपुरतं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चढवा. पुढेमागे लॅपटॉप बदललात तरी ती एसएसडी बाहेरच्या केसमध्ये घालून वापरता येईल. आडवाटेने विंडोज ११ चढवून देणारे भेटतात, पण अशा यंत्राला पुढची अद्यतनं मिळतीलच असा भरवसा नाही. बहिणीला भेट द्यायची आणि दर सहा महिन्यांनी तिला दुकानाच्या पायऱ्या चढायला लावायच्या, याला अर्थ नाही.

खरेदी अशी : २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी, ७ मिलिमीटर जाडीची, ५०० जीबीच्या आसपास. शिकवण्यांना तेवढी पुरते. रॅमसाठी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' बघा. 'स्लॉट्स यूज्ड'समोर २ पैकी १ असेल तर ८ जीबीची एक पट्टी वाढवा. जुनी पट्टी डीडीआर४ असेल तर नवीही डीडीआर४च हवी. डीडीआर३ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. जोर लावून बसवणारे मात्र आहेत, आणि त्यांचे मदरबोर्ड आमच्या टेबलावर येतात.

काही लॅपटॉपमध्ये एम.२ची छोटी फटही असते. तिथे बसणारी एसएसडी च्युइंग गमच्या पट्टीएवढी असते, पण तिच्यात जोडणीच्या दोन जाती आहेत, साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. फट फक्त साटाची असेल तर एनव्हीएमई पट्टी काही वेळा बसल्यासारखी दिसते आणि लॅपटॉपला सापडतच नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर दाखवल्याशिवाय एम.२ घेऊ नका.

बसवण्याचं काम घरी करणार असाल तर या पाच ठिकाणी हात सांभाळा. आधी 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि क्लोन करण्याआधी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवण्याआधी, ते बंद करा. दुसरं, मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वर तळहात टेकायच्या जागी लॅपटॉपला फोड येतो. तिसरं, सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर ओढू नका. मागच्या रबरी पट्टीखाली दोन-तीन लपलेले असतात. चौथं, झाकण निघालं की सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मगच बाकीच्याला हात लावा.

पाचवं सर्वात नाजूक. हार्ड डिस्कपासून मदरबोर्डकडे एक चपटी रिबन जाते. ती ज्या पांढऱ्या फटीत शिरते, तिच्यावर नखाएवढी काळी किंवा तपकिरी पट्टी आडवी असते. ती आधी नखाने वर उचलायची, मग रिबन आपोआप सुटते. पट्टी न उचलता रिबन ओढली की पट्टीचा कान तुटतो, आणि शंभर-दोनशे रुपयांची मजुरी वाचवायला गेलेला माणूस मदरबोर्ड दुरुस्तीच्या बिलावर येतो.

जुनी हार्ड डिस्क फेकून देऊ नका. यूएसबी ३.०चा २.५ इंची केस घ्या, त्याच्यात ती घाला आणि फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरा. त्याआधी डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून बघा. निळ्याऐवजी पिवळं 'कॉशन' आलं तर त्या डिस्कवर एकही फोटो सोपवू नका.

प्रश्न : मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. सेलच्या जाहिरातीत 'आय५, १६ जीबी' लिहिलेले लॅपटॉप एकमेकांपासून पंधरा हजारांनी कमी-जास्त का? (सांगली, गावभाग)

'आय५' म्हणजे आडनाव. माणूस ओळखायचा तर पुढचा नंबर लागतो. आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच दोन्ही बाराव्या पिढीचे आय५. पहिल्यात ताकदीचे २ आणि काटकसरीचे ८ असे १० कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, आहेत आणि तो १५ वॉटचा. दुसऱ्यात ताकदीचे ४ आणि काटकसरीचे ४, म्हणजे ८च, पण ४५ वॉटचा. कोअर मोजून घेणारा पहिल्याला थोरला ठरवतो. कॅडमध्ये, म्हणजे आराखडे काढायच्या प्रोग्रॅममध्ये, काम सुरू झालं की दुसरा पुढे जातो, कारण त्याला सतत जास्त वीज मिळते आणि त्याचे पंखेही मोठे असतात. त्याची बॅटरी मात्र लवकर संपते आणि तो अंगाने जड असतो. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पहिला पुरतो. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी दुसरा आणि त्यासोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड बघावं.

किमतीतला दुसरा फरक पडद्यात लपतो. जाहिरातीत 'फुल एचडी' असतं, पॅनेलची जात नसते. टीएन पॅनेल असेल तर पडदा थोडा मागे कलला की रंग उलटे दिसतात. आयपीएस मागा. उजेड २५० निट्स असेल तर वसतिगृहाच्या खिडकीशी बसल्यावर अक्षरं दिसायला त्रास होतो, ३०० असेल तर बरं.

तिसरा फरक रॅमचा. १६ जीबी एकाच पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत, हे विचारा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात दोन पट्ट्यांचा फायदा स्पष्ट दिसतो. आणि '१६ जीबी ऑनबोर्ड' असेल, म्हणजे मदरबोर्डवरच डकवलेली, तर एक तरी मोकळी फट आहे का? नसेल तर चार वर्षं तेवढ्यावरच काढायची, हे धरून चाला.

बिल पक्कं घ्या. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि बिलावर सिरियल नंबर असायला हवा. बिलाशिवाय थोडं कमी करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. घरी आल्यावर खोक्यावरचा, पोटावरचा आणि बिलावरचा असे तिन्ही नंबर जुळवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजली आहे ते बघा. मागच्या वर्षीचा माल असेल तर वॉरंटी आधीच सुरू झालेली सापडू शकते. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्याच आठवड्यात करा.

प्रश्न : कंपन्यांतून आलेले जुने लॅपटॉप स्वस्तात मिळतात. पुतणीला घ्यावा का? (कराड)

घ्यावा. चांगल्या धातूच्या अंगाचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा कंपनीतला लॅपटॉप त्याच किमतीतल्या नव्या प्लॅस्टिकी यंत्रापेक्षा आम्हाला बरा वाटतो. अट एवढीच, की दुकानात उभं राहून दोन तपासण्या करायच्या आणि दुकानदाराला घाई असली तरी करायच्या.

पहिली बॅटरीची. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. त्यात पॉवरसीएफजी हा शब्द इंग्रजीत जोडून टाइप करा (पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी), मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट', तेही इंग्रजीत आणि जोडून. एंटर दाबलं की अहवाल कुठे ठेवला ते खिडकीच सांगते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. ४१,००० समोर २४,००० असेल तर बॅटरी ५८ टक्क्यांवर आली आहे. साठाच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून भाव करा.

दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग पस्तावतात. 'रिसेट धिस पीसी' करून सगळं पुसायला सांगा, आणि वायफाय जोडून यंत्र पहिल्यापासून सुरू करा. पहिल्याच पडद्यांवर एखाद्या कंपनीचं नाव झळकलं आणि त्यांचा ईमेल-पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदवहीत आहे. विंडोज पुन्हा टाकूनही हे कुलूप निघत नाही, कारण ते डिस्कवर नसून सर्व्हरवर यंत्राच्या नंबराशी बांधलेलं असतं. बायोसला पासवर्ड असेल तरी हात जोडा.

प्रश्न : ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह सहाशे रुपयांना दिसतोय. भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात भरून भेट द्यायचा विचार आहे. (कोरेगाव)

देऊ नका. त्या पैशात खरा २ टीबी येत नाही. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, आणि तिचा कंट्रोलर 'मी २ टीबी' असं खोटं सांगेल असा बसवलेला असतो. पहिले ३२ जीबी नीट जातात. पुढचं एकतर हवेत जातं, नाहीतर आधीच्यावरच लिहिलं जातं. फसवणूक लगेच कळत नाही, कारण फाइलींच्या नावांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते आणि तेवढी जागा खरी असते. नावं सगळी दिसतात, फोटोही मोजून बरोबर भरतात. उघडायला गेलं की करडा चौकोन.

कुठलाही नवा पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. ६४ जीबीला तास-सव्वा तास लागतो, पण निकाल स्वच्छ येतो. लग्नाचा व्हिडिओ जाता जाता 'फाइल टू लार्ज' म्हणून अडला तर ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीत आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण जुना टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते आधी बघा. नाहीतर लग्नघरी सगळे टीव्हीसमोर बसलेत आणि पडदा कोरा.

प्रश्न : लाइट गेली की वायफाय जातं आणि मुलीचा ऑनलाइन क्लास तुटतो. आठ-दहा तास चालेल असा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो म्हणतात. (जत)

यूपीएस घ्या, पण आठ-दहा तासांचं गणित आधी समजून घ्या. डब्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, तुमच्या १२ व्होल्टच्या राउटरचा नव्हे. ८८०० एमएएच म्हणजे ८.८ अँपिअर-तास, आणि ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण साडेबत्तीस वॉट-तास. १२ व्होल्टपर्यंत चढवताना पंधराएक टक्के उष्णतेत जातात, उरतात सत्तावीस-अठ्ठावीस. राउटर ८ वॉट घेत असेल तर सव्वातीन-साडेतीन तास. शाळेच्या क्लासला तेवढं पुरतं, पण दुकानदाराने 'रात्रभर' म्हटलं तर त्याला हे गणित करून दाखवा.

आता लेबल. राउटरच्या बुडाला किंवा ॲडॉप्टरवर '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काही असेल. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळतो. अँपिअर मात्र यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. २ अँपिअरचा यूपीएस १ अँपिअरच्या राउटरला काही करत नाही, राउटर लागेल तेवढंच ओढतो. फायबरवाल्यांनी दिलेला डबा वेगळा आणि तुमचा राउटर वेगळा असेल तर दोघांचे अँपिअर बेरजेत धरा, आणि यूपीएसला दोन तोंडं आहेत का बघा. नुसता राउटर चालू ठेवला आणि फायबरचा डबा बंद पडला, अशी घरं पुष्कळ आहेत.

पिनही बघा. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक २.१चं किंवा २.५चं. राउटरची सुई २.५ची आणि पिन २.१ची असेल तर ती शिरतच नाही, म्हणजे निदान कळतं तरी. उलट असेल तर पिन शिरते, सैल बसते आणि टेबल हललं की राउटर नव्याने सुरू होतो. मग लोक राउटर बदलतात. हे सगळं करूनही लाइट गेल्यावर फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला, तर बॅकअप तुमच्याकडे नाही, गावातल्या केबलवाल्याच्या खोक्यात कमी आहे. तिथे तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

प्रश्न : वडील निवृत्त शिक्षक. आठवणी लिहायच्यात, नवा संगणक दिवाळीला देतोय. मराठी टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड लागेल का? त्यांनी मागे मोबाइलवर लिहून पाहिलं तेव्हा 'साताऱ्याला' नीट उमटेना. (वाई)

कीबोर्ड साधाच चालतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली भाषा वाढवा, मराठी निवडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मराठीत दोन मांडण्या मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटतं. ज्यांचा हात इंग्रजी टायपिंगला बसलेला आहे त्यांना ती सोपी. वडिलांना मात्र आम्ही इनस्क्रिप्ट सुचवू. तिच्यात डाव्या हाताला स्वर नि मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजनं. बाराखडी ज्यांच्या अंगात मुरलेली आहे त्यांना दोन आठवड्यांत हात बसतो. कीबोर्डवर लावायची इनस्क्रिप्ट अक्षरांची पारदर्शक, मॅट स्टिकरं मिळतात, ती घ्या. चकचकीत घेतलीत तर दिव्याखाली अक्षर दिसत नाही.

'साताऱ्याला' अडतं ते असं. मराठीत य जोडताना र दोन तऱ्हेने लिहिला जातो. 'सूर्य'मध्ये तो रफार होऊन डोक्यावर जातो, 'साताऱ्या'त कोयत्यासारखा आडवा राहतो. संगणकाला हे दोन वेगळे र आहेत. इनस्क्रिप्टमध्ये साधा र जे या कळीवर आणि पाय मोडायची खूण डी या कळीवर. जे, डी आणि मग तिरक्या रेघेची कळ, म्हणजे य, दाबलं की रफार येतो. आडवा हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. एवढ्या एका शिफ्टवर 'आचार्यांना' बोलावलंय की 'आचाऱ्यांना' हे ठरतं, आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या' 'दर्या' होऊन कोकणात उतरत नाहीत. ळ साठी शिफ्ट आणि एन. हे दोन-तीन जोड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा.

बोटं दुखत असतील तर क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडून 'टूल्स'मधलं व्हॉइस टायपिंग मराठीवर ठेवा. बोललेलं बऱ्यापैकी उमटतं, विरामचिन्हं हाताने द्यावी लागतात. साधा वायरचा हेडसेट लावला तर चुका निम्म्यावर येतात, कारण लॅपटॉपचा माइक पंख्याचा आवाजही ऐकतो. त्यांच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, कृतिदेव वगैरे, तर त्या नव्या संगणकावर इंग्रजी गिचमिड दिसतील. फाइल खराब झालेली नाही, युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावी लागेल.

प्रश्न : प्रिंटर इंकटँक घ्यावा की लेझर? (इस्लामपूर)

मुलांचे रंगीत प्रकल्प असतील तर इंकटँक, आणि आठवड्याला एक रंगीत पान छापायचं व्रत घ्यावं लागेल. उन्हाळी सुट्टीत दीड महिना बंद राहिला की शाई सोडणाऱ्या हेडची भोकं सुकतात. मग 'हेड क्लीनिंग' चार-चार वेळा चालवलं जातं आणि टाकीतली शाई आतल्या स्पंजात जाते. फक्त काळी बिलं आणि पत्रं छापायची असतील, तीही कधीमधी, तर लेझर. तो वर्षभर पडून राहिला तरी रुसत नाही. लेझर संगणकाच्या यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस ३६० वॉटच्या आसपास देतो, आणि लेझरचा हीटर तापताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो. यूपीएस किंचाळतो आणि संगणकही बंद पडतो.

प्रश्न : नवीन लॅपटॉप चार्जिंगला लावला की अंगाला मुंग्या येतात. बदलून घ्यावा का? (सातारा, शनिवार पेठ)

दुसऱ्या घरी लावून बघा. तिथे मुंग्या आल्या नाहीत तर लॅपटॉप ठीक आहे, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. तीन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारी किंचित वीज अर्थच्या तारेने जमिनीत जायची असते. तार तुटलेली असेल किंवा तीन पिनांना दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं असेल तर ती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते. वायरमनला मीटर लावायला सांगा : फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ तीन-चार व्होल्टच्या आत. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. त्याला पाणी आणि मीठ-कोळसा मिळाला की आकडे सुधारतात.

एक जुगाड मात्र करू देऊ नका. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'झालं बघा' म्हणणारे आहेत. मुंग्या थांबतात. पण उद्या वाटेत न्यूट्रल सुटली तर घरातल्या प्रत्येक तीन-पिनी वस्तूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, फ्रिजच्या दारासकट.

प्रश्न : आमची अडत आहे. लक्ष्मीपूजनाला वहीऐवजी आता लॅपटॉपच पूजतो. गेल्या वर्षी त्यानंतर स्पेसबार अडकायला लागला. (सांगली, मार्केट यार्ड)

अक्षता. कुंकवात भिजवलेला तांदळाचा दाणा स्पेसबारखाली जातो, वाळतो आणि पाचर होऊन बसतो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, उलटा धरून पाठीवर हलके थोपटा, मग मऊ कोरड्या ब्रशने कडेकडेने झाडा. स्पेसबार उचकटू नका. त्याच्याखालची तार एका बाजूने निसटली की बटण तिरकं राहतं, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये मग अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो.

यंदा पूजेच्या वेळी झाकण मिटलेलं ठेवा, चार्जर काढा आणि गंध-कुंकू झाकणावर न लावता वर ठेवलेल्या कोऱ्या कागदावर किंवा चोपडीवर लावा. हळद पांढऱ्या-करड्या प्लॅस्टिकवर बसली की निघत नाही. निरांजन हातभर लांब ठेवा. तीर्थाचे थेंब आत गेलेच तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करा, उघडून तंबूसारखं पालथं घाला आणि चालतंय का म्हणून सुरू करून बघू नका. तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका. तिथला पिठूळ भुगा पंख्यात जातो.